शेंदूर उतरलेली डोण

मित्रांनो, माण तालुक्यात म्हसवडच्या रस्त्याला नाथाजीची विहीर आहे. तिच्या कडेला जी काळी दगडी डोण दिसते, ती मी. पाथरवटानं मला छिन्नी-हातोड्यानं दोन महिने पोखरलं. तेव्हापासून मेंढरांना पाणी पाजायचं, एवढंच माझं काम. ते मला आवडायचं. पाणी पिताना मेंढीचं नाक किती गार लागतं, हे तुम्हांला कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आजूबाजूच्या विहिरी आटल्या, पण नाथाजीच्या विहिरीत थोडंफार पाणी झिरपत राहिलं. गुण विहिरीचा, मान मात्र मला मिळाला. नाथाजीनं माझ्या काठाला तेलात कालवलेला शेंदूर फासला आणि मी देव झाले. दर रविवारी नवा थर चढायचा. खोटं कशाला सांगू, येणाऱ्या-जाणाऱ्यानं हात जोडले की मी फुगून जायची. उन्हानं शेंदराचे पोपडे सुटून पाण्यात पडायचे. मेंढरं तेलाच्या वासानं काठ चाटायची. मला वाटायचं, तीही माझी पूजाच करतात.

साळूबाईचा कळप रोज माझ्याकडं यायचा. बाई एकटी. वीस-बावीस मेंढरं हाच तिचा संसार. पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिची कोकरं दात खाऊ लागली. आंधळ्यासारखी भिंतीला डोकं लावून उभी राहायची, चालताना झोकांड्या द्यायची आणि आडवी व्हायची. महिन्याभरात पाच गेली.

"नवस चुकला आसंल तुझा," नाथाजी म्हणाला. "शेंदूर वाढवू या."

साळूबाईनं बाजारातून दोन पुड्या आणल्या आणि सगळ्या माझ्या अंगावर चढवल्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पंधरा दिवसांत आणखी चार कोकरं गेली. उरलेल्यांतलं एक झोकांड्या देऊ लागलं.

गावात आकाराम नावाचा एक माणूस नुकताच पेन्शन घेऊन आला होता. पलटणीत त्यानं जन्मभर खेचरं सांभाळलेली. तो पाणी प्यायला थांबला. त्यानं त्या कोकराचे डोळे पाहिले, जबडा चाचपला, मग माझ्या काठावरचा सुटलेला पोपडा काडीनं उचकटून पाहिला.

"साळूआक्का, ह्ये म्या बघितलंय," तो म्हणाला. "पुलाच्या लोखंडाला गंज चढू न्हाई म्हनून आमी लाल रंग मारायचो. खेचरांनी त्यो चाटला आन् आशीच दात खात गेली. त्यात शिसं व्हतं. ह्यो शेंदूर बी शिशाचाच करत्यात."

"देवाला लावत्यात त्ये इख कसं आसंल?" नाथाजी चिडला.

"आवं तात्या, देव चाटत न्हाई. मेंढरं चाटत्यात."

म्हसवडच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मेलेलं कोकरू तपासलं आणि तेच सांगितलं. शिसं एकदा पोटात गेलं की रक्तात, हाडांत मुरतं आणि लवकर निघत नाही. माणसांच्या लेकरांनाही ते सोडत नाही.

मित्रांनो, ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साळूबाईची नऊ कोकरं माझ्यापायी गेली आणि मी इथं मिरवत होते.

पण देवाचा शेंदूर उतरवणार कोण? नाथाजी मागं सरला. जमलेल्या गावकऱ्यांतलंही कुणी पुढं येईना. शेवटी साळूबाईनंच पदर खोचला.

"कोप व्हायचा त्यो माझ्यावर हुंदे," ती म्हणाली. "ऱ्हायल्याली मेंढरं जगली पायजेत."

आकारामानं तिला तोंडाला फडकं बांधायला लावलं. धूळ उडू नये म्हणून आधी मला भिजवलं, मग थर खरवडले. पोपडा ओढ्यात गेला तर खालच्या गावाची जनावरं मरतील आणि चुलीत गेला तर धूर आपल्याच पोरांच्या छातीत जाईल, असं आकारामानं बजावलं होतं. म्हणून गाळ आणि धुतलेलं पाणीसुद्धा घमेल्यात धरलं. पाणी उन्हात आटून गाळ सुकला तसा तो पत्र्याच्या डब्यात बंद केला आणि विहिरीपासून लांब, माळावर सिमेंटच्या खड्ड्यात पुरला. शेवटी साळूबाईनं साबणानं हात तीनदा धुतले.

नाथाजी महिनाभर फिरकला नाही. मग एका रविवारी काथ्या घेऊन आला, माझं शेवाळ घासलं आणि ताजं पाणी भरून गेला. तेव्हापासून त्याचा रविवार चुकलेला नाही. माझी पूजा आता हीच, आणि ही मला मनापासून आवडते.

पुढच्या मोसमात साळूबाईच्या कळपात अकरा कोकरं झाली. दोन गेली, पण थंडीनं. ते झोकांड्या देणारं कोकरूही वाचलं. त्याला नीट दिसत नाही, पाण्याचा वास घेत ते माझ्यापाशी येतं. काठाशी थबकलं की साळूबाई त्याच्या मानेवर हात ठेवते.

"पी बाबा," ती म्हणते, "निस्तं पानी हाय."

मित्रांनो, आपापल्या गावच्या पाण्याकाठी उभं राहून 'हे नुसतं पाणी आहे' असं छातीवर हात ठेवून सांगता येईल, एवढं ते पाणी जपा.