माझ्या दाराखालची कड

मित्रांनो, मी एक जुनी, दोन माणसांपुरती मोटार आहे. नगरच्या एका वर्कशॉपच्या आवारात, विटांच्या चार थप्प्यांवर मी उभी आहे. उभी आहे असे आपले म्हणायचे. खरे तर मी मधोमध वाकले आहे.

माझा जन्म दूर इंग्लंडमध्ये झाला. मला घडवणाऱ्यांनी मला छप्पर दिले नाही आणि चॅसीही दिली नाही. ट्रकच्या तळाशी लोखंडाचा एक भक्कम सांगाडा असतो, त्याला चॅसी म्हणतात. सारे ओझे ती वाहते. वरची बॉडी म्हणजे नुसते पांघरूण. माझे तसे नव्हते. माझा पत्रा हाच माझा सांगाडा होता. दोन्ही दारांखाली पोटरीएवढी जाड, आतून पोकळ अशी एकेक कड होती. तिच्यावर चिखल होता, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बुटांचे ओरखडे होते. माझे सगळे बळ त्या कडांत होते, आणि ते कुणाला दिसत नव्हते.

भिंगारच्या छावणीतल्या एका लष्करी अधिकाऱ्यापाशी मी सात वर्षे होते. त्यांची बदली झाली आणि एकोणीसशे सत्तर साली मी श्रीगोंद्याच्या श्रीमंत नावाच्या ऊस बागायतदाराच्या अंगणात येऊन थांबले. त्यांच्या आई, झुंबरबाई, ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला डोळे बारीक करून पाहिले.

"श्रीमंता, ही मोटार हाय का न्हाणीतलं टप?"

"आये, इलायती हाय. तुला भिंगारला मावशीकडं नेतो हिच्यातून."

"आत बसवशील रं. भाईर काढायला फॅक्टरीवरची ऊस उचलायची यारी आननार व्हय?"

सारे अंगण हसले. झुंबरबाई हसल्या नाहीत. त्यांचे गुडघे तीन वर्षांपासून आखडले होते. भिंगारच्या धाकट्या बहिणीला, मुक्ताबाईला, त्या तितकीच वर्षे भेटल्या नव्हत्या. मागच्या खेपेस एस.टी.त त्यांना चौघांनी उचलून ठेवले होते.

"साखरेच्या पोत्यागत टाकलं मला, समद्या गावादेखत," त्या म्हणाल्या. "आता न्हाई. माझ्या पायानं चढंन, माझ्या पायानं उतरंन. न्हाईतर भिंगार ऱ्हायलं."

माझी बैठक जमिनीलगत होती; त्या एका वाक्यापायी माझे रूप बदलायचे ठरले.

नगरच्या या वर्कशॉपच्या रंगनाथ मिस्तरींनी वीस वर्षे ट्रकांचे माल भरायचे हौदे बांधले होते. सगळे हौदे सारखे, चौकोनी, मुके. स्वतःच्या मनातून काही रेखाटा, असे त्यांना आजवर कुणी म्हटले नव्हते. श्रीमंतांनी आईच्या मापाची सुतळी आणली होती. जमिनीपासून पाऊल उचलेल तिथवरची एक गाठ, आणि टेकल्यावर गुडघा दुखणार नाही अशा बैठकीची दुसरी. मिस्तरींनी वर्कशॉपची फरशी धुऊन घेतली आणि खडूने मला पूर्ण मापात जमिनीवर काढले. तीन दिवस ते पुसत होते, पुन्हा काढत होते. कामगार त्या रेषांना वळसा घालून चालत. मला स्वतःचे दुसरे रूप पायाशी पसरलेले दिसत होते. मागच्या चाकावरून उतरत येणारी एक लांब, संथ रेषा. उंच केलेली लाल बैठक. आणि डाव्या बाजूला थेट तळापर्यंत उघडणारे रुंद दार. ते चित्र सुंदर होते, मित्रांनो. म्हणूनच माझी भीती अधिक एकाकी होती. त्या दारासाठी माझी डावी कड कापावी लागणार होती.

वेल्डर कानिफनाथ गुडघ्यावर बसला आणि त्याने कडेवर बोट वाजवले.

"मिस्तरी, हितं पत्र्याला घड्या लई हायेत. उगंच न्हाई घातल्या कुनी."

"अरे, हौदा कापला म्हनून ट्रक मोडतो व्हय? वझं चॅसी उचलती."

"मग हिची चॅसी कुठं हाय?"

"आसंल की खाली! चॅसीबिगर गाडी आसती व्हय कुठं? तू काय पत्र्याची कुंडली मांडतोस का आता?"

कामगार खो खो हसले आणि कानिफनाथही हसला. त्याच्या हसण्याबरोबर माझा एकुलता एक वकील गेला. माझ्यापाशी एक हॉर्न होता. पण हॉर्नला एकच स्वर येतो, आणि तोही दुसऱ्याने दाबला तर. त्या माणसांच्या मनात कसलेही पाप नव्हते. वीस वर्षांच्या प्रामाणिक अनुभवानेच त्यांना सांगितले होते की बॉडी कितीही कापली तरी चालते.

छिन्नी बसली. मी जॅकवर होते, म्हणून काहीच घडले नाही. नवे दार बसले, सांध्यांत लांबीचा लगदा भरला, लाल रंग चढला. मग मला चाकांवर उतरवले आणि दाराची फट बोटभर आवळली. माझ्या वेदनेचे ते एकमेव अक्षर होते. मिस्तरींनी ते पाहिले, कानस मागवली आणि दाराची किनार घासून ते पुन्हा नीट बसवले.

श्रीगोंद्यात मला पाहायला गल्ली लोटली. झुंबरबाई काठी टेकत आल्या. एक पाऊल आत, मग दुसरे. मग त्या सावकाश टेकल्या. कुणाचाही हात लागला नव्हता.

"बसले की रं!" त्यांनी दार स्वतः ओढून घेतले. "मिस्तरीला म्हनावं, बाईचं मन वळाकलंस."

इतकी स्तुती मला आयुष्यात मिळाली नव्हती, आणि मला ती झेलता येत नव्हती. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात माझी डावी कूस थोडी थोडी मिटत होती. झुंबरबाई बोलत होत्या, बहिणीला काय काय सांगायचे त्याची उजळणी करत होत्या. मला थांबायचे होते. पण थांबणे हे मोटारीच्या हाती नसते.

भिंगारच्या बाजारात, मुक्ताबाईंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, रस्त्यात एक चर खोदलेला होता. पुढची चाके चरातून वर चढली आणि माझ्या पोटात काहीतरी दुमडले. दार चौकटीत रुतून बसले. श्रीमंतांनी बाहेरून ओढले, लाथ मारली, पहार घातली. दार हलले नाही. उजवीकडून उतरायला दोन बैठकांमधला पत्र्याचा उंच बोगदा आणि गिअरचा दांडा ओलांडावा लागला असता. ते त्या गुडघ्यांना शक्य नव्हते.

बाजार जमला.

"उचला म्हातारीला! धर रे काखंत!"

"थांबा, थांबा जरा," झुंबरबाई म्हणत होत्या, "मला इचारा तरी—"

सहा हातांनी त्यांना वरून उपसून काढले. छप्पर नव्हते, म्हणून ते सोपे गेले. माझ्या जन्माचा तो मोकळेपणा त्या दिवशी मला लाजिरवाणा वाटला. त्यांनी पदर सावरला आणि कुणाकडेही न पाहता, काठी टेकत, बहिणीच्या दिशेने चालू लागल्या. गल्लीच्या वळणापुढे मला दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी मला न्यायला आले, तेव्हा त्या तिथवर चालत आल्या. मिस्तरी मान वर करेनात.

"चढले ती माझी मीच चढले," त्या म्हणाल्या. "तेवढं तुजं खरं." मग काठी टेकत म्हणाल्या, "आता मला कुठं न्हेऊ नका. मी हितंच ऱ्हाते."

आणि त्या बहिणीपाशीच राहिल्या. ते सुख होते की हार, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मिस्तरी मधूनमधून येतात, दुमडलेल्या पत्र्यावरून तळवा फिरवतात. कानिफनाथ लांबूनच पाहतो. मला पुन्हा सरळ करता येईल असे कुणी म्हणत नाही.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कशाला तरी नवे रूप द्याल, कुणाच्या तरी भल्यासाठी. जरूर द्या. फक्त हत्यार लावण्याआधी त्या वस्तूपाशी थोडे बसा. तिने आजवर काय तोलून धरले आहे ते बोटांनी चाचपून पाहा. आणि समोर माणूस असेल, तर त्याला हात घालण्याआधी विचारा. त्याला तरी उत्तर देता येते.