मागचं बाक

“अक्का, यादीतून तुमचं नाव काढायलेत,” उमाशंकर मास्तरांनी गाड्याजवळ येऊन हळूच सांगितलं.

हरणाबाईने हातातली मिरची पिठात बुडवली, कढईत सोडली, ती तळाशी जाऊन फुलून वर आली तेव्हाच मान वर केली. जळकोटच्या फाट्यावर तिचा भज्यांचा गाडा होता. हैदराबादला जाणारे ट्रकवाले तिच्या मिरचीभज्यांसाठी ब्रेक दाबत. गिऱ्हाईक समोर असताना घरचं रडगाणं गायचं नाही, हा तिचा शिरस्ता. दोन ड्रायव्हरांच्या पुढ्यात कागद ठेवून तिने विचारलं, “कुनी काढलं?”

“तुमच्याच भावानं. बलभीमनं हरकत घेतली. वर्षभरात ज्यानं प्रभुभोजन घेतलं न्हाय, त्याला बिशपच्या निवडीत मत न्हाय. नियमच हाय तसा. आपले पाळकसाहेब तरी काय करतील?”

नियम खरा होता, दुखणं तेच होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी उठून मेजाजवळ जायची, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घ्यायची, आणि हरणाबाई तेवढी मागच्या बाकावर बसून राहायची. याला वर्ष उलटून गेलं होतं.

जुने बिशप निवृत्त झाले आणि धर्मप्रांताची दोन शकलं झाली. नव्या बिशपपदासाठी एक गट दानियल पाळकांचा, दुसरा याकोब पाळकांचा. पाळक दोघेही सज्जन, दोघांचाही आवाज गोड. पण त्यांच्या मागच्या माणसांनी असा काही गोंधळ घातला, की परमेश्वरालाही कुठल्या गटात बसावं हा प्रश्न पडावा. फाट्यापासून आत, चिंचेखालच्या वस्तीत अँग्लिकन मिशनच्या काळातलं एक दगडी चर्च होतं. मंडळी मूठभर, ख्रिस्ती झाली तरी नावं आजे-पणजे ठेवत आले तीच. पण लग्नाची पंगतसुद्धा आता गट बघून बसत होती. बलभीम दानियल पाळकांचा खंदा माणूस. मास्तर याकोब पाळकांचे. हरणाबाईला बायकांची प्रतिनिधी म्हणून निवडलं, ते मात्र दोन्ही गटांनी मिळून. तिच्या भज्यांवर दोघांचाही राग नव्हता.

तिचं मत तिच्या मनाशी पक्कं होतं. याकोब पाळक पूर्वी याच वस्तीत होते. तिचा नवरा लकव्याने अंथरुणाला खिळला तेव्हा ते दर शनिवारी यायचे, प्रार्थना करायचे आणि मग बाह्या वर सारून स्वतःच्या हाताने त्याची दाढी करायचे. कुणाला मत द्यायचं हे हरणाबाईने त्या साबणाच्या फेसातच ठरवून टाकलं होतं.

“येत्या रविवारी भोजन हाय,” मास्तर म्हणाले. “यादी सोमवारी जायची. एक तुकडा, एक घोट. झालं काम. मनातलं कोन बघायलंय अक्का?”

“मनातलं बघनाऱ्याच्याच घरात जायचंय न्हवं, मास्तर?”

“एकेक मत मोलाचं हाय,” मास्तर म्हणाले.

“व्हय. म्हनून तर चोरून द्यायचं न्हाय. मत माझं हाय, म्या मिळविते. भजी घ्या, गार व्हायलीत.”

तिच्या मनातली गाठ वस्तीला ठाऊक होती. चर्चची घंटा जन्मभर तिच्या बापाने, बापूंनी वाजवली. दर शनिवारी शिडी लावून ते वर चढायचे आणि घंटेच्या पोटातल्या लोखंडी लोलकाला करडईचं तेल लावायचे. लोलकाला ते घंटेची जीभ म्हणत. “घंटा समद्यांची,” असं त्यांचं म्हणणं, “ती मानसं बघून वाजत न्हाय.” मागल्या वर्षी याकोब पाळकांच्या लोकांनी संध्याकाळची प्रार्थनासभा ठेवली. त्या सभेला घंटा मिळू नये म्हणून बलभीम शिडीवर चढला आणि ती जीभच काढून घरी घेऊन गेला. ज्या शिडीवर लहानपणी बापूंनी त्याला खांद्यावर बसवून नेलं, तीच शिडी. हरणाबाई त्याच्या अंगणात गेली आणि म्हणाली, “घंटंची जीभ परत लावशील, तवाच माझी जीभ तुझ्यासंगं बोलंल.” तेव्हापासून अबोला.

आणि बापूंचीच दुसरी शिकवण आडवी आली. मनात गाठ घेऊन मेजाजवळ जायचं नाही. वस्तीची रीतच होती ती. भोजनाच्या आदल्या दिवशी भांडलेली माणसं एकमेकांच्या दारी जायची, हातात हात देऊन सलाम करायची. ते जमलं नाही, तर रविवारी जागेवर बसून राहायचं. या वर्षात अर्ध्या मंडळीचं उरलेल्या अर्ध्यांशी वाकडं आलं होतं, पण मेजापुढची रांग काही आखूड झाली नाही. एकटी हरणाबाई बसून राहिली. रीत पाळणारी ती एकटी, आणि नियमाने बाद झाली तीही तीच.

शनिवारी तिने गाडा लवकर झाकला आणि भावाचं घर गाठलं.

बलभीमचं मोटार-वाइंडिंगचं दुकान घराच्या पडवीतच होतं. तो जळालेल्या पाणबुडी मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता. मागे भिंतीवर खिळ्याला घंटेची जीभ लटकत होती. तिच्यावर गंज चढला होता. भावजय सिताबाई लगबगीने पाणी घेऊन आली. “या वन्सं, बसा,” म्हणत तिने पाट पुढे सरकवला.

“सलाम घ्यायला आलेय,” हरणाबाई म्हणाली.

बलभीमची बोटं थांबली, पण मान वर झाली नाही. “उद्या भोजन, परवा यादी. आजच बरी याद आली भावाची.”

“मत द्यायचंय म्हनून आले. खोटं कशाला बोलू? पन आले ती खऱ्या मनानं. जीभ लावायची तवा लाव, न्हायतर नको लावू. म्या माझा हट्ट सोडला. तू नुसता हात दे.”

वर्षभराचा हट्ट तिने असा उंबऱ्यावरच उतरवून ठेवला. सिताबाई नवऱ्याकडे बघत राहिली. बलभीमने तार खाली ठेवली, हात लुंगीला पुसला आणि खरोखरच पुढे केला. “दानियल पाळकांना मत देते म्हन. हा घे हात.”

हरणाबाई त्या हाताकडे बघत राहिली. याच हाताला धरून तिने त्याला नाला ओलांडून शाळेत नेलं होतं. मधल्या धोंड्यावर तो घाबरायचा आणि तिची बोटं आवळून धरायचा. तिला राग आला नाही. तिला फार वाईट वाटलं.

“सलाम इकत घेत न्हाईत रं, बलभीम,” ती म्हणाली. सिताबाईने आणलेलं पाणी तेवढं पिऊन ती उठली.

आपलेच दात अन् आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? पण हरणाबाई हार मानणारी नव्हती. रविवारी मंडळी मेजाकडे जायला उठली तशी तीही मागच्या बाकावरून उठली. उमाशंकर मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पण ती मेजाकडे गेलीच नाही. ती पुरुषांच्या बाकांमध्ये शिरली, बलभीमच्या बाकाशी थांबली आणि तिने सगळ्यांच्या देखत हात पुढे केला.

“सलाम, बलभीम.”

बलभीमने गीतांच्या पुस्तकात डोकं खुपसलं. गाणं चालूच होतं. हरणाबाई हात तसाच धरून उभी राहिली. भजी तळून भाजलेला, डाग पडलेला तो हात भरून आला तरी तिने तो खाली घेतला नाही. गाणं संपलं तेव्हा घेतला, आणि मागे जाऊन बसली. बलभीम सगळ्यांच्या मागून मेजाजवळ गेला, तुकडा घेतला, घोट घेतला आणि खाली मान घालून परतला. सोमवारी यादी गेली, तीत हरणाबाई नव्हती.

दानियल पाळक थोडक्या मतांनी निवडून आले. मास्तर गाड्यावर येऊन तणतणले. “तुमच्यासारखी चार मानसं हट्टाला पेटली अक्का, म्हनून हे झालं.” हरणाबाईने ऐकून घेतलं. मास्तर गेल्यावर मात्र तिला नवऱ्याची ती गुळगुळीत केलेली हनुवटी आठवली आणि डोळ्यांना धार लागली. कुणीतरी विचारलं तेव्हा तिने मिरचीच्या ठसक्यावर ढकललं.

पुढे नव्या बिशपांची फेरी वस्तीत यायची ठरली. त्या रविवारी सकाळी हरणाबाई अंगणात पाणी भरत होती, आणि घंटा वाजली.

दोन टोले सावकाश, मग एक लगेच. पुन्हा दोन सावकाश, एक लगेच. ही बापूंची चाल. ती वस्तीत आता फक्त दोघांना येत होती, आणि त्यातली एक इथे घागर धरून उभी होती. घागर भरून वाहायला लागली तरी तिला भान नव्हतं. किती दिवसांनी तो आवाज चिंचेवरून, उसावरून, पार फाट्यापर्यंत चालला होता. तिने हात धुतले, पेटीतलं पांढरं लुगडं काढलं आणि चर्चची वाट धरली.

चर्च गच्च भरलं होतं. बिशप मेजापाशी उभे होते आणि सगळ्यांच्या आधी भोजन घ्यायचा मान बलभीमला दिलेला होता. पण गाणं सुरू व्हायच्या आत तो आपल्या बाकावरून उठला, मधल्या वाटेने मागे आला आणि हरणाबाईसमोर उभा राहिला. मंडळी माना वळवून बघायला लागली.

“सलाम, अक्का,” तो म्हणाला आणि हात पुढे केला.

हरणाबाईने तो दोन्ही हातांत घेतला. बोटांना करडईच्या तेलाचा वास येत होता. पुढे बिशपांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. सिताबाईने पदर डोळ्यांना लावला. हरणाबाईने हात सोडला नाही. पिशवीत किल्ली चाचपावी तसं ती आपलं मन चाचपत होती. सुटली का गाठ? तिला मनापासून ती सुटायला हवी होती. पण ती होती. लहान झाली होती, तरी होती. तिचं मत अडलं होतं तेव्हा त्याने हात दिला नाही. आज तो द्यायला त्याला काहीच मोल पडत नव्हतं.

“हात घेतला म्या,” ती त्याला ऐकू जाईल एवढंच बोलली. “घंटा लई ग्वाड वाजली. बापूच आल्यावानी वाटलं. पन गाठ हाय अजून, बलभीम. म्या लबाडी करून मेजाजवळ येनार न्हाय. तू जा. बिशपसायब खोळंबलेत.”

बलभीम जागचा हलला नाही. त्याने मेजाकडे पाहिलं. पांढरं कापड, चांदीचा पेला, वाट बघणारे बिशप, ज्यांच्यासाठी त्याने वर्षभर जिवाचं रान केलं. मग त्याने आपल्या तेलकट हाताकडे पाहिलं.

“म्या मातर दर महिन्याला जात व्हतो,” तो म्हणाला.

तो मागच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. बिशप थोडा वेळ थांबले आणि मग त्यांनी पुढच्या माणसाला खूण केली. रांग सरकायला लागली. गाणं सुरू झालं. बलभीमचं पुस्तक पुढे त्याच्या बाकावरच राहिलं होतं. तो नुसता समोर बघत बसला, ओठ मिटून.

दोघांच्या मध्ये तीन माणसांची जागा रिकामी होती. हरणाबाईने आपलं पुस्तक उघडलं, पान काढलं, आणि त्याच्याकडे न बघता ते त्या मधल्या जागेत, दोघांना दिसेल असं ठेवलं.