नाद्राला नावाचं तेल

हॉटेलवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, नावाच्या नोंदणीचा कागद आणा, मगच तुमचं खोबरेल घेऊ. आणि ट्रेडमार्क ऑफिसनं नेमकी नावावरच हरकत घेतली. नाद्राला हे गावाचं नाव आहे, गावाची लेखी संमती आणा, नाहीतर नाव सोडा.

मी आधी तोऱ्यातच उत्तर पाठवलं होतं. नाद्राला माझं आजोळ, मी तिथली वासू, म्हणजे गावच्या बहिणीचं मूल. वासूनं मामाच्या गावातून काहीही उचललं तरी कोणी हूं की चूं करत नाही. ऑफिसनं कळवलं, हा पुरावा होत नाही. शुक्रवारी मुदत संपते.

तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. गुरुवारी सुवा शहरातून पहिली बस धरली, परवानगी मागताना ठेवायची यांगोनाच्या मुळांची जुडी मामांपुढे ठेवली आणि मान खाली घालून रीतसर परवानगी मागितली.

इसिरेलीमामा गावचे कारभारी. त्यांनी जुडीला हातही लावला नाही.

"हे काय गं, लोसा? माझं डुक्कर न विचारता नेलंस. आणि आता यांगोना घेऊन आलीस?"

"मामा, ऑफिसला कागद लागतो."

"सुवाचं पाणी लागलंय हिला," मामी आतून म्हणाली. "उद्या चहा प्यायलाही परवानगी मागेल!"

मला रडूच फुटलं. "हसू नका हो. उद्या नाव गेलं तर आईनं शिकवलेलं तेल कुठल्यातरी भलत्याच नावानं विकायचं का मी?"

मामा म्हणाले, "घे कागद. लिही. लोसालिनीला आम्ही परवानगी देत नाही."

माझा हात थांबला. "मामा!"

"लिही म्हणतो ना! परवानगी परक्याला देतात. ही आमच्या बहिणीची मुलगी, नाव तिचंच आहे. आम्ही देणारे कोण?" मी शब्दन्शब्द उतरवला आणि त्यांनी खाली सही ठोकली.

शुक्रवारी ऑफिसच्या खिडकीतल्या साहेबांनी पहिली ओळ वाचली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी पुढचंही वाचलं.

"बाई, एवढी पहिली ओळ खोडा. बाकीचं चालून जाईल." त्यांनी पेन पुढे सरकवलं.

मी पेन उचललंसुद्धा. एक रेघ मारली की हॉटेलचं काम पक्कं होतं. पण मग मामांनी मला परवानगी दिली असाच अर्थ झाला असता, आणि मी नाद्रालाला परकी ठरले असते.

"नाही खोडणार. आहे तसंच घ्या."

"मग नाव मिळेलच असं नाही, बाई."

"ठाऊक आहे," मी म्हणाले आणि पेन परत दिलं.