जात्यावरची ओवी, गिटारवर

“थांबा भाऊ. इथं चुकतंय,” सिंधुबाई म्हणाल्या.

वेणीमाधवांनी तारांवर तळवा ठेवला. दिंडोरीजवळच्या या घरी ते खरं तर आभार मानायला आले होते. दोन वर्षांपूर्वी सिंधुबाईंकडूनच त्यांनी ही जात्यावरची ओवी घेतली होती. आता तिचं रेकॉर्डिंग झालं होतं. सोमवारी अल्बम प्रसिद्ध होणार होता.

“सूर चुकला का, मावशी?”

“सूर लय गोड हाय. पण तुम्ही थांबतच नाय. इथं जात्यात मूठभर दाणे टाकायचे. तेवढा येळ गळा थांबतो. नायतर जातं रिकामंच फिरतं.”

परतताना त्यांनी आभाला फोन केला. गंगापूर रोडवरचा छोटा स्टुडिओ तिचा.

“काका, मी कॉम्प्युटरवर गॅप टाकते ना. दोन मिनिटांचं काम आहे.”

“नको. पुन्हा वाजवतो.”

ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांतल्या ऑर्केस्ट्रात गिटार. तिथे त्यांनी दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांनी सांगितलेल्या वेगात वाजवली. एकोणसत्तराव्या वर्षी हा पहिला अल्बम त्यांचा स्वतःचा होता : शब्दांशिवाय, नुसत्या गिटारवर लोकगीतं. डाव्या हाताची अनामिका आता नीट वाकत नव्हती.

शनिवारी सकाळी ते स्टुडिओत बसले. पहिल्या वेळी थांबणं लांबलं, मग आखूड पडत राहिलं. शेवटी त्यांनी मोजणं सोडलं. उजवा हात तारांवरून उचलून बाजूला नेला, मूठ उघडली आणि परत आणला. नवव्या वेळी जमलं. बोट सुजलं होतं. काचेपलीकडून आभाने फक्त मान हलवली.

“ओवी कुणाची लिहू, काका? पारंपरिक?”

“थांब, विचारतो.” त्यांनी सिंधुबाईंना फोन लावला.

“माझी कुठली? आईची हाय ती,” सिंधुबाई म्हणाल्या.

“मग आईचं नाव सांगा. अल्बमवर छापायचंय.”



“तिला समदे देवरामची आईच म्हणायचे. देवराम म्हंजी माझा थोरला भाऊ. बाप नुसतं ‘अगं’ म्हणायचा. नाव... मी कधी इचारलंच नाय वो.”

वेणीमाधवांनी फोन ठेवला. तोवर आभाने ‘पारंपरिक’ टाइप केलं होतं.

“ते पुस,” ते म्हणाले. “लिही, ओवी : सिंधुबाईंची आई.”

तिने लिहिलं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, आणि आपल्या नावाच्या वर घ्यायला लावली.