दारापेक्षा मोठी होडी

नऊच्या बोटीतून ती बाई उतरली तेव्हा बेटावर गाइड असलेल्या थापाड्याचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते तिच्या हातातल्या वहीकडे. जाडजूड वही, काळा पुठ्ठा, आत पेन खोचलेलं. बाई एकटीच, चाळिशीच्या आसपासची, डोक्यावर साधी टोपी. हौसेनं बेट बघायला आलेलं माणूस धक्क्यावर पाय ठेवताच समुद्राकडे बघतं. हिनं आधी त्याच्या छातीवरचा बिल्ला बघितला, त्यावरचा नंबर ओठ हलवत वाचला आणि मगच ओळखीचं हसली.

मेहुण्यानं अगदी हेच सांगितलं होतं. बायकोचा हा धाकटा भाऊ पर्यटन खात्यात कारकून. खात्यात काय शिजतंय याचा वास त्याला सगळ्यात आधी लागतो असा त्याचा दावा, आणि बहिणीचा त्यावर विश्वास. काल संध्याकाळी त्याचा फोन आला होता.

"भाऊजी, या आठवड्यात गुप्त तपासणी आहे. साधा प्रवासी म्हणून कोणीतरी येणार. आणि तुमचं उद्याचं बुकिंग बघितलंत का? एकटी बाई, दिवसभराची खासगी सहल, आणि गाडी मागितलीये ती बिल्ल्याचा नंबर सांगून. नंबर सांगून गाडी कोण मागतं, तुम्हीच सांगा."

कोणीच मागत नाही. बावीस वर्षांत कोणी मागितली नव्हती.

त्याचं खरं नाव परवान्यावर होतं, बाकी धक्क्यावर सगळे त्याला थापाडेच म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही. बेट म्हणजे काय, एक गोल रस्ता, एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला पाणी. ते बघून माणूस तासाभरात जांभया द्यायला लागतं. थापाडे मात्र पाहुण्याला गाडीत घालून निघाला की प्रत्येक खडकाला एक सासू आणि प्रत्येक गुहेला एक भाडेकरू चिकटवत जायचा. हे सगळं जागच्या जागी रचलेलं असायचं. काल काय सांगितलं ते आज त्याच्या लक्षात नसायचं.

त्यातूनच दोन तक्रारी झाल्या होत्या. दीपस्तंभ एकमेकांशी न बोलणाऱ्या जुळ्या भावांनी बांधला, हे एका निवृत्त शिक्षकानं घरी जाऊन पडताळून बघितलं. आणि एक जोडपं दर गुरुवारी दुपारी वर येणाऱ्या बेटाची वाट बघत अर्धा दिवस उन्हात बसलं. तिसरी तक्रार आली की बिल्ला जप्त, असं खात्याचं पत्र होतं. बायकोनं ते फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं. आज निघतानाही ती दारात उभी होती. "अहो, आजच्या दिवस तोंडाला कुलूप. घर त्या बिल्ल्यावर चालतंय."

म्हणून आज थापाड्यानं खात्याची पुस्तिका पाठ केली होती.

"दीपस्तंभ," तो पहिल्या थांब्यावर म्हणाला. "उंची एकतीस मीटर. पायऱ्या एकशे चौदा. रंग पांढरा."

"पांढरा," बाई म्हणाली. तिला तो दिसतच होता. "आणि?"

"आणि दर चार वर्षांनी पुन्हा रंगवतात."

तिनं वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि मिटली. आपण बरोबर बोललो की चूक, हे थापाड्याला तिच्या तोंडावरून कळेना. गाडीत बसल्यावर त्यानं पट्टा लावला, तिला लावायला सांगितला, आरसा पुसला, मग पुन्हा पुसला. डाव्या हाताला तो वाकडा सुळका आला. त्याला बघून तर कोणाला काहीही सुचेल. थापाड्याच्या जिभेच्या टोकावर एक रुसलेला न्हावी येऊन उभा राहिला. त्यानं तो तसाच गिळला.

"या सुळक्याची काही गोष्ट असेल ना?" बाईनं मागून विचारलं.

आला सापळा, थापाड्याच्या मनात आलं. "नाही मॅडम. ज्वालामुखीचा दगड आहे."

तिसऱ्या थांब्यावर खडकात एक भोक होतं. लाट आत शिरली की त्यातून पाणी उंच उडायचं. तिथे त्यानं लाटेचा वेग सांगितला. चौथ्या ठिकाणी प्रवाळाचे प्रकार सांगितले, त्यातले दोन विसरला आणि खोकला काढून वेळ मारून नेली. बाई दर वेळी त्याच्याकडे बघत उभी राहायची, दुकानदार आतून माल काढील म्हणून गिऱ्हाईक थांबतं तशी. तो काही काढायचा नाही. मग ती वहीत दोन ओळी खरडून गाडीकडे वळायची. बारा वाजेपर्यंत त्याला असं झालं होतं की कोणी कान धरून उठाबशा काढायला लावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जेवणाच्या वेळी बाई आत बसली आणि तो गाडीशी उभा राहिला. मेहुण्याचा फोन आलाच.

"काय म्हणतीये?"

"काही म्हणत नाही. लिहितीये."

"लिहू दे. तुम्ही खरं तेवढंच बोला. आणि साडेपाचची शेवटची बोट चुकवू नका. पाहुणा मागे राहिला तर धक्क्यावरचा कारकून तक्रार लिहितोच, त्याला कोणी सांगावं लागत नाही. गाडीच बिघडली तर गोष्ट वेगळी, नाहीतर ती तिसरी धरतात."

उंटावरचा शहाणा, असं पुटपुटत थापाड्यानं फोन ठेवला. पण घड्याळ मात्र बघितलं, आणि त्यानंतर दर पाच मिनिटांनी बघत राहिला. दुपारचे थांबे त्यानं असे उरकले की बाईला धड उतरताही येईना.

शेवटच्या खाडीवर खात्याचा थांबा नव्हता. तिथे पाण्याच्या काठाला एक रिकामी दगडी शेड होती, जुन्या काळी होड्या बांधायची. पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. तो गाडी पुढे काढणार तेवढ्यात बाई म्हणाली, "इथे थांबवा."

"मॅडम, इथे बघण्यासारखं काही नाही."

"थांबवा हो."

पाच वाजायला दहा कमी होते. धक्का इथून पंधरा मिनिटांवर. बाई उतरून सरळ शेडच्या दाराशी गेली आणि दोन्ही हात पसरून चौकटीत उभी राहिली, दार किती रुंद आहे ते मापत. मग मागे न बघता तिनं विचारलं, "मग पुढे काय झालं?"

"कशाचं?"

"होडीचं."

थापाड्याला काही कळेना. बाई वळली. दिवसभर जे तोंड त्याला अधिकाऱ्याचं वाटत होतं ते आता अगदीच थकलेलं दिसत होतं.

"आठ वर्षांपूर्वी माझी ताई आली होती तुमच्या गाडीतून," ती म्हणाली. "तुमचा बिल्ल्याचा नंबर तिनं लिहून ठेवला होता. तिला तुम्ही इथे गोष्ट सांगितलीत. एक सुतारीण होती. या शेडमध्ये तिनं सात वर्षं खपून होडी बांधली, आणि बांधून झाल्यावर कळलं की होडी दारापेक्षा मोठी आहे. नवरा म्हणाला होडी काप. सासू म्हणाली भिंत पाड. सगळं गाव भांडायला लागलं. आणि तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. तुम्ही ताईला म्हणालात, आता राहू दे, पुढचं पुढच्या वेळी."

थापाड्याला मानावंच लागलं, हे मात्र खरं होतं. गोष्ट त्याला आठवत नव्हती, पण युक्ती त्याचीच होती. शेवटच्या खाडीवर एक गोष्ट सुरू करायची, ती ऐन रंगात आणायची आणि भोंगा झाला की सोडून द्यायची. पाहुणा हसत हसत बोटीत चढायचा, पुन्हा येतो म्हणायचा. पुन्हा कोणी येत नसे. त्यामुळे बावीस वर्षांत थापाड्यावर एकही गोष्ट संपवायची वेळ आली नव्हती.

"ताई येणार होती परत," बाई म्हणाली. "दर वर्षी ठरवायची. मग आजारी पडली. दोन वर्षं अंथरुणावर होती आणि आमचं हेच चालायचं. एक म्हणायची कापा, दुसरी म्हणायची पाडा. नर्स वैतागायची. शेवटी ताई म्हणाली, तू जा आणि विचारून ये. मी मार्चमध्ये येणार होते. ती फेब्रुवारीत गेली."

"आणि वही?"

"तिनं जे जे सांगितलं होतं ते वहीत लिहिलंय. न्हाव्याचा सुळका, शिंका देणारा खडक. आज प्रत्येक ठिकाणी तुमचं बोलणं शेजारी लिहून पडताळत होते. तुम्ही काहीच बोलेनात. ताई म्हणायची, त्या माणसाला विचारावं लागत नाही, गप्प करावं लागतं. मला वाटलं नंबर चुकला. माणूस दुसराच आहे."

थापाड्याला स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ही बाई कुठून कुठून त्याच्या थापा ऐकायला आली आणि त्यानं तिला प्रवाळाचे प्रकार ऐकवले. तेही दोन कमी.

"मॅडम, खरं सांगू का? ते मी त्या क्षणी रचलं असणार. पुढचं मला माहीत नाही. पुढचं नव्हतंच."

"ते आम्हाला माहीत होतं," बाई म्हणाली. "आम्ही काय लहान आहोत? पण सुरू तुम्ही केलंत ना."

पाच वाजून गेले होते. दहा मिनिटांत निघायलाच हवं होतं. थापाडे शेडच्या उंबऱ्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. गोष्टीचं असं असतं, चालत्या गाडीत मध्येच चढता येत नाही. पहिल्यापासून यावं लागतं. म्हणून त्यानं पहिल्यापासून घेतली.

आधी जीभ अडखळली, दिवसभर कुलपात होती. मग सुटली. सुतारीण डावखुरी निघाली, नवरा घोरणारा निघाला. सासूला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती प्रत्येक भांडणात चुकीच्या बाजूनं शिरायची. नाकापेक्षा मोती जड, असं म्हणून सगळं गाव हसलं. बाईसुद्धा हसली, वही गुडघ्यावर ठेवून, मोठ्यानं. आणि नवरा करवत घेऊन शेडच्या दाराशी आला, तेवढ्यात खाडीपलीकडून भोंगा झाला.

बोटीचा पहिला भोंगा. आत्ता उठून गाडी पळवली तर बोट मिळत होती. थापाड्याचे पाय उठायला लागलेसुद्धा. त्याला बायको दिसली, फ्रिजवरचं पत्र दिसलं, तिसरी तक्रार दिसली. बाईनं पेन उघडलं.

तो पुन्हा बसला.

"तिनं करवत नवऱ्याच्या हातातून काढून घेतली," तो म्हणाला. "सगळ्यांना वाटलं, आता ही होडी कापणार. तिनं करवत खुंटीला लावली आणि पहार उचलली. म्हणाली, भिंत गावातला कोणीही पुन्हा बांधील. होडी माझ्याकडून पुन्हा होणार नाही. आणि पाडली भिंत. एकटीनं. दुपारपर्यंत. मग मात्र सगळं गाव ओढायला आलं."

सांगता सांगता त्यानं समुद्राकडच्या भिंतीकडे हात केला आणि मध्येच थबकला. त्या भिंतीचे दगड बाकीच्या भिंतींपेक्षा वेगळे होते, आकारानं लहान, रंगानं फिके. ती कधीतरी खरोखरच पुन्हा बांधलेली होती. बावीस वर्षांत त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"होडी तरंगली?" बाईनं विचारलं.

"तरंगली. थोडी डावीकडे कलायची."

बाईनं शेवटची ओळ लिहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी हरले. मी कापा म्हणायचे." ती हसली, आणि हसता हसताच तिनं टोपी तोंडावर ओढली आणि रडली. थापाडे शेजारी बसून राहिला. त्यालाही भरून आलं होतं आणि त्यानं ते लपवलं नाही. दुसरा भोंगा झाला. तिसराही झाला.

ते धक्क्यावर पोहोचले तेव्हा बोट बरीच लांब गेली होती. वाटेत थापाड्यानं घरी फोन केला होता आणि सगळं सांगितलं होतं. बायको म्हणाली, "त्यांना घरी घेऊन या. तुमच्याशी नंतर बोलते."

धक्क्यावरचा कारकून रजिस्टर उघडून बसला होता. "पाहुणा कोणाचा?"

"माझा."

कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. दोघांची जुनी ओळख होती. त्यानं आवाज खाली आणला. "थापाडे, तिसरी आहे ही तुझी. टायर पंक्चर झालं असं लिहितो. गाडीचा बिघाड असला की धरत नाहीत."

"मी सही करते त्यावर," बाई लगेच म्हणाली.

थापाड्यानं तोंड उघडलं. पंक्चरची थाप म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. खिळा कुठे लागला, जॅक कसा घसरला, मदतीला कोण धावलं, सगळं एका दमात सांगता आलं असतं. पण आज एक गोष्ट त्यानं शेवटपर्यंत नेली होती, आणि तिच्या जागी कागदावर पंक्चर यावं हे त्याला सहन होईना.

त्यानं बिल्ला काढून रजिस्टरशेजारी ठेवला. "नको," तो म्हणाला. "गोष्ट सांगत होतो, ती संपायला वेळ लागला. तसंच लिही."