सख्ख्या भावाचं रक्त

रुचाचा साखरपुडा झाला ते साल दोन हजार चोवीस. रुचा माझी नात, माझ्या धाकट्या मुलाची, जयसिंगची मुलगी. पाहुणे जेवत होते आणि इकडे जयसिंगच्या लघवीतून रक्त जात होतं. कार्यात विघ्न नको म्हणून तो बोलला नाही. नंतरही महिनाभर बोलला नाही. असं गप्प बसणं आमच्या घरातल्या पुरुषांना फार मोठेपणाचं वाटतं.

पाऊस सरता सरता डाव्या मूत्रपिंडात गाठ सापडली. मूत्रपिंडासकट काढली. ऑपरेशनआधी इस्पितळाने सांगितलं होतं की पेशंटला जेवढं रक्त लागेल तेवढं बदल्यात घरच्यांनी द्यायचं. थोरला धैर्यशील हवाई दलातून निवृत्त झालेला. लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या त्याच्याच घरी आम्ही सगळे राहत होतो. त्याने बाही वर करून रक्त दिलं. सगळ्यांनी कौतुक केलं.

दिवाळीनंतर उजव्या मूत्रपिंडातही गाठ दिसली, वाटाण्यापेक्षा जरा मोठी. डॉक्टरीणबाईंनी सुईने तिचा तुकडा काढला आणि आम्हाला समोर बसवून समजावलं. माणसाच्या डीएनएचे पट्टे ज्याचे त्याचे वेगळे असतात, बोटांच्या ठशांसारखे. गाठीत त्यातले काही पुसले जातात, काही नवे उमटतात. दोन्ही गाठींतले बदल सारखे असले तर आजार डावीकडून पसरला, मग औषधं. बदल वेगळे असले तर उजवी गाठ नवीन. तेवढीच कापायची, मूत्रपिंड वाचेल. पण काय बदललं ते कळायला मूळचं काय होतं ते हवं. त्यासाठी रक्त.

जयसिंगचे दोन्ही हात सुयांनी काळेनिळे झाले होते. "तू पडून राहा, मी आहे ना," म्हणत धैर्यशील चिठ्ठी घेऊन खाली गेला. रक्त घ्यायच्या खिडकीवर 'जयसिंग' असा पुकारा झाला आणि याने आपला हात पुढे केला. आतल्या माणसाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. आम्हाला वाटलं, खालून कुणी वर येऊन रक्त नेईल. धैर्यशील वर आल्यावर विचारलं तर म्हणाला, "झालं काम."

मग तपासणीच्या निकालासाठी दर आठवड्याला ऑटो करून जायचं आणि ऐकायचं, "अम्मा, अगले हफ्ते." शेवटी एक दिवस बाईंनीच बोलावलं.

"ये खून मरीज़ का नहीं है," त्या म्हणाल्या. "आधे पट्टे मिलते हैं, आधे नहीं. किसी सगे का है."

"मेरा है, मैडम," धैर्यशील छाती काढून म्हणाला. "सगा भाई हूँ. ऑपरेशन के टाइम भी मेरा ही लिया था. तब तो चल गया."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "पूरी जाँच बेकार हो गई, भाई साहब."

बाहेर आल्यावर माझी धाकटी सून लतिका दिराला कधी उलटून बोलली नव्हती ती बोलली. "भाऊजी, ही काय जेवणाची पंगत होती? हे नाही आले तर त्यांच्या पानावर तुम्ही बसलात?"

"अगं, त्याचे हात बघितलेस का तू?"

"रोज मीच शेकते ते हात."

"मोठे काका को कौन कुछ बोल सकता है, मम्मी," रुचा भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

जयसिंगला सांगितलं तर हसला. "दादा, शाळेतला मारही माझ्याऐवजी खायचास की."

"खाल्लाय. विसरलास."

दोघं हसले. मला मात्र त्या दोघांचाही राग आला.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. जयसिंगचं रक्त घेतलं. पण सुईने काढलेला तुकडा पहिल्या तपासणीतच संपला होता. दुसरा काढायचा तर त्याला ताप. ताप उतरला तर यंत्राला लागणारं सामान यायचं होतं. मी म्हटलं, अंदाजाने औषध द्या. बाई म्हणाल्या, "अम्मा, अंदाज ग़लत हुआ तो यह किडनी भी जाएगी." त्यांचं चुकत नव्हतं, आणि म्हणूनच माझा जास्त संताप होत होता. भांडायचं तरी कुणाशी? धैर्यशीलशी भांडावं तर तो मान खाली घालून बसायचा, जेवायचा नाही, आणि मग त्यालाच जेव म्हणावं लागायचं.

फेब्रुवारीत उत्तर आलं. दोन्ही गाठींचे पट्टे वेगळे होते. उजवी गाठ नवीन होती, कापता आली असती. तोवर ती वाढून मूत्रपिंडाच्या मुळाशी भिडली होती. लघवी थांबली, डायलिसिस सुरू झालं, छातीत कफ भरला.

"काट दीजिए ना अब," लतिका म्हणाली.

"अब बेहोशी नहीं झेल पाएँगे," बाई म्हणाल्या.

धैर्यशील म्हणाला, "मेरी किडनी लगा दीजिए." कॅन्सर अंगात असताना ते करता येत नाही, असं बाईंनी त्याला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा मी त्याचा हात धरून त्याला बाहेर आणलं.

माझा धाकटा मुलगा जयसिंग सहा मार्च दोन हजार पंचवीस रोजी, गुरुवारी सकाळी, लखनौत वारला. तो बावन्न वर्षांचा होता.