मस्तूराबीबीची कढई

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. बिडाची, काळीकुळकुळीत, आणि एवढी मोठी की तुमच्यातले तिघेचौघे माझ्यात मांडी घालून बसतील. दूरच्या कोकंद शहरातल्या ओतारी आळीत माझा जन्म झाला. माझे वय मात्र विचारू नका. ते का, हे पुढे कळेलच.

मला घडवून घेतले मस्तूराबीबीने. तिला मूलबाळ नव्हते. माझ्यात पहिला पुलाव शिजला, त्या दिवशी ती सगळ्या मोहल्ल्यासमोर म्हणाली, “आजपासून ही वक्फ. अल्लाच्या नावानं सोडली. आता माझीसुद्धा नाही. हिला कुणी विकायचं नाही, हिचं भाडं घ्यायचं नाही. लग्न असो, मयत असो, ज्याला लागेल त्यानं न्यावी. फक्त पहिली परात न बोलावलेल्याच्या दारी जाऊ द्या.”

बीबी गेली. तिला पाहिलेली माणसेही गेली. मग असे दिवस आले की सरकारला देवाधर्माचे नाव खपेना, आणि वक्फ हा शब्द मोठ्याने उच्चारायची सोय राहिली नाही. लोक मला नुसते मोहल्ल्याची कढई म्हणू लागले, पण पहिली परात जायची तिथेच जात राहिली. पुढे ते दिवसही सरले. एका बाईचा शब्द इतकी माणसे इतकी वर्षे पाळत आली, याचे मला आजही नवल वाटते.

आणि एका सकाळी मी तडकले.

लग्नाचा पहाटेचा पुलाव नुकताच वाढून झाला होता. पलीकडच्या गल्लीत मयत झाल्याचे कळले. तिथे मला लगेच न्यायचे होते. मला घासायला बसलेली विधवा इनोबत खाला घाईत होती. मी अजून तापलेली होते. तिने पाटाचे गार पाणी बादलीभर ओतले आणि माझ्या बुडापासून काठापर्यंत चीर गेली. कापसाची वेचणी संपली की तिच्याच लेकीचे लग्न होते.

मांडव आणि भांडी भाड्याने देणारा तोलिब हसला. “काय खाला, आता लेकीचा पुलाव किटलीत शिजवणार? हिला भंगारात घाला. माझी पातेली आहेत की!”

“भंगारात?” माझी देखरेख करणारे म्हातारे ओलिम बुवा उसळले. “वक्फ आहे ती! मोडली तर मोडीतून पुन्हा घडवायची. माझ्या आजोबांनी तेच केलं, बापानंही तेच केलं.”

कळले ना, मित्रांनो, वय का विचारू नका म्हटले ते?

ओतारी म्हणाला, “पण बुवा, वितळताना थोडं बीड जळून जातं. कढई लहान होईल.”

“लहान होऊन कसं चालेल? मोहल्ला का लहान झालाय?”

मग घराघरांतून बीड आले. कुणी चुलीचे झाकण आणले, कुणी फुटका तवा, कुणी शिलाई मशीनचा मोडका पाय. इनोबत खालाने नवऱ्याची वजने आणली. तो बाजारात खरबुजे विकायचा. तिने ती रुमालाने पुसली आणि स्वतःच्या हाताने ओताऱ्याला दिली. मग भट्टी पेटली. मित्रांनो, मी वितळले, आणि त्या लाल रसात मस्तूराबीबीचे बीड कुठले आणि खरबूजवाल्याचे कुठले, हे मलाही सांगता येईना. मी थक्क झाले. साच्यातून निघाले तेव्हा मी आधीपेक्षा वीतभर रुंद होते!

खालाच्या लेकीचा पुलाव माझ्यातच शिजला. पहिली परात खालाने स्वतः उचलली आणि थेट तोलिबच्या दारी नेली.

“मला कशाला?” तो ओशाळून म्हणाला. “मला कुठं बोलावलंयस?”

“म्हणूनच आणलीय. घे, निवेल.”

जेवणे उरकली. मला घासायची वेळ झाली, तेव्हा तोलिब अस्तन्या सारून फाटकातून आत आला. त्याच्या हातातल्या हंड्यातून वाफ निघत होती.

“सरक खाला,” तो म्हणाला, “पाणी गरम करून आणलंय.”

मित्रांनो, तुमच्याही गावात कुणाची एकट्याची नसलेली एखादी विहीर असेल, एखादे झाड असेल. ते कुणीतरी तुम्हाला न बघताच तुमच्यासाठी ठेवून गेले आहे. त्याचा पोटभर उपयोग करा. पण तोलिबने माझ्यासाठी हंडाभर गरम पाणी आणले, तसे निघताना तुम्हीही त्याच्यासाठी काहीतरी करून जा.